जपून ठेवलंय, पण कुठे?

मागच्या अंकात मी सहज विचारलं होतं की घरातलं कुठलं कपाट उघडायची तुम्हाला भीती वाटते, आणि आलेली पत्रं वाचून हसू आवरेना. कपड्यांचं नाही, फ्रीज तर नाहीच, बहुतेकांचं उत्तर एकच, "कधीतरी याचं काहीतरी करू" म्हणून साठवलेलं सामान. खण, लोकर, मणी, लग्नपत्रिका, दाराच्या कड्या, करवंट्या, काय काय. पत्रं जरा कापून छाटून घेतलीयेत, आणि नावं मुद्दाम दिलेली नाहीत कारण दोघींनी स्वतःच लिहिलंय की सासूबाई हा अंक वाचतात.

प्रश्न : ताई, आमचं डोंबिवलीत वन बीएचके आहे. मला गोधड्या शिवायची आवड आहे हे कळल्यापासून सगळे नातेवाईक जुन्या साड्या माझ्याकडे आणून टाकतात, वर ओटीत आलेले ब्लाउज पीस वेगळेच, ते तर मोजायचंही सोडलंय. बेडचा बॉक्स भरला, माळा भरला, आता दोन गाठोडी सोफ्यामागे आहेत. मिस्टर म्हणतात एक तर शिव, नाहीतर बोहारणीला दे. मोठे स्टोरेज बॉक्स घ्यावेत का आणि कुठले? – एक गोधडीवेडी, डोंबिवली

उत्तर : बॉक्स घेऊ नका. निदान आत्ता तरी नको. हे मी खिशाला चाट लावून शिकलेय, एका सेलमध्ये बारा पारदर्शक डबे झाकणांसकट उचलले, घरी आल्यावर कळलं की माझ्या कपाटाचा कप्पा पंधरा इंच खोल आहे आणि डबे सतरा इंचाचे, मग कपाटाचं दार लागेना आणि महिनाभर मी त्या रिकाम्या डब्यांनाच घरात जागा शोधत फिरत होते. आधी माल निवडायचा, मग मोजायचा, आणि डबा सगळ्यात शेवटी.

तर मोजूया. पाच बाय सातची गोधडी म्हणजे 35 स्क्वेअर फूट. पाचवारी साडी साधारण 18 फूट लांब आणि पन्हा पावणेचार फुटांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ 67 स्क्वेअर फूट, म्हणजे एका साडीत गोधडीचे दोन थर जवळपास निघतात. सहा थरांची छान ऊबदार गोधडी हवी असेल तर तीन साड्या पुरतात, नऊवारी मिळाली तर त्याहून कमी. आता तुमच्याकडच्या साड्या मोजा आणि तीनाने भागा. समजा 36 निघाल्या तर त्या बारा गोधड्या झाल्या, आणि हाताने धावदोरा घालून, नोकरी, डबे, मुलं सांभाळून वर्षाला तुमच्या किती होतात? माझ्या दोन होतात, ज्या वर्षी बाकी काही मध्ये आलं नाही त्या वर्षी. म्हणजे तुमच्या सोफ्यामागे सहा वर्षांचं काम बसलंय आणि नातेवाईक अजून आणतायत.

आता निवड. प्रत्येक साडी दोन्ही हातात धरून आडवी-उभी जोरात ओढा. चर्र असा आवाज आला किंवा विणीत फट पडली की ती साडी संपली, तिची गोधडी केलीत तर पहिल्या धुण्यात आतून फाटेल आणि तुमचे दोन महिने पाण्यात. ही ओढायची परीक्षा मी आजीकडून शिकले, ती दोऱ्यालाही करायची, जुनी रिळं असतील तर वीतभर दोरा ओढून बघा, फटकन तुटला तर रीळ कितीही सुंदर रंगाचं असो, टाकून द्या.

दुसरं म्हणजे कापड कशाचं आहे. हाताला कळत नसेल तर एक धागा काढून चिमट्यात धरा आणि सिंकवर काडीने पेटवा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख पडते, रेशीम किंवा लोकर असेल तर केस जळल्यासारखा, आणि पॉलिस्टर असेल तर वितळून टोकाला कडक काळी गोळी होते. सिंथेटिकच्या गोधडीत घाम जिरत नाही, ती पांघरणाऱ्याला शिक्षा आहे, त्यामुळे त्या साड्यांची वेगळी थप्पी आणि ती थप्पी बोहारणीची. ती भांडं कुठलं दाखवते आणि तुम्ही कुठलं मागता ते तुमचं तुम्ही बघा, माझी आई चार साड्यांवर एक पातेलं मिळवायची आणि वर झाकणासाठी पंधरा मिनिटं भांडायची.

उरलेल्या चांगल्या सुती साड्यांची खळ काढा. हे फार जणी करत नाहीत. खळ म्हणजे स्टार्च आणि कसरीला तेच आवडतं, त्यामुळे कडक खळीची साडी घडी करून ठेवणं म्हणजे कसरीला ताट वाढून ठेवणं. साध्या पाण्यात दोनदा धुवायची, कडक वाळवायची, इस्त्री नको.

आणि मग ठेवायचं कसं, तर रंगाप्रमाणे नाही, गोधडीप्रमाणे. तीन साड्या, काठासाठी पट्ट्या, दोऱ्याचं रीळ, एका कागदावर "कुणासाठी, केवढी", हे सगळं एका उशीच्या जुन्या अभ्र्यात घालायचं आणि अभ्र्याचं तोंड नाडीने बांधायचं. एक अभ्रा म्हणजे एक गोधडी. असे चार अभ्रे बेडच्या बॉक्समध्ये आडवे मावतात, हवा खेळते, आणि शिवायला बसायचं म्हटलं की अख्खा माळा उपसायला लागत नाही, एक अभ्रा ओढला की झालं. पाचवा अभ्रा भरायचा नाही. एक गोधडी पूर्ण होऊन अंगावर पडली की मगच पुढचा. नातेवाईकांना पण हेच सांगा, "मावशी आत्ता चार भरलेत, संक्रांतीनंतर द्या", तेवढ्यात निम्म्या विसरतात.

राहिले ओटीचे ब्लाउज पीस. ते फिरतेच असतात हे आपण सगळ्याच जाणतो, माझ्याकडे एक मोरपंखी पीस आहे तो मी एका लग्नात दिला होता आणि दीड वर्षाने दुसऱ्या गावच्या डोहाळजेवणात माझ्याच ओटीत परत आला. त्यातले टू बाय टूचे आणि पॉपलीनचे बाजूला काढा, ते गोधडीच्या वरच्या ठिगळांना आणि काठाला उत्तम. पुठ्ठ्याच्या एकाच मापाच्या पट्ट्यांवर गुंडाळून पुस्तकांसारखे उभे लावा, थप्पी लावलीत तर खालचा कधीच निघत नाही. बाकीचे चकचकीत फिरत राहू देत, त्यांचं तेच काम आहे.

तळहातापेक्षा लहान कातरण एका पिशवीत, पिशवी भरली की उशी किंवा लोड भरायचा.

प्रश्न : मी शिंपले, चिंचोके, गुंजा, करवंट्या, सुपाऱ्या असल्या वस्तूंची तोरणं नि फ्रेम बनवते, गणपतीत बऱ्यापैकी खपतात. पण दर पावसाळ्यात अर्ध्या मालाला बुरशी येते, चिंचोक्यांतून भुंगे निघतात, पुठ्ठे कसर खाते. डांबरगोळ्या भरपूर टाकल्या, वर कापूरही टाकला, उपयोग शून्य. घरात दीड वर्षाचं बाळ पण आहे म्हणून सगळं उंचावर ठेवलंय. – चिपळूण

उत्तर : अगं, आधी तो कापूर काढ! डांबरगोळ्या आणि कापूर एकत्र ठेवले की दोघं मिळून ओले होतात, चिकट तेलकट पाणी सुटतं आणि ते खालच्या कापडात-कागदात मुरतं. माझ्या लग्नातल्या पैठणीच्या पदरावर असा रुपयाएवढा डाग आहे, "डबल प्रोटेक्शन" म्हणून मीच घातलेलं. शिवाय जरीला डांबरगोळी टेकली तर जर काळी पडते. आणि मुळात डांबरगोळी ही बंद डब्यातल्या कपडे खाणाऱ्या किड्यांसाठी, बुरशीला तिचं काही वाटत नाही आणि उघड्या खोक्यात टाकलीस तर तिचा वास फक्त आपल्यालाच येतो.

बाळ आहे म्हणून अजून एक. ज्या कपड्यात डांबरगोळ्या होत्या ती दुपटी, टोपडी बाळाला तशीच घालू नकोस, धुऊन, उन्हात टाकून मगच. काही बाळांमध्ये जी सिक्स पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मतः कमतरता असते, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी डांबरगोळीतल्या नॅफ्थलीनमुळे फुटतात, कावीळ होते. आणि गोळी तोंडात गेली तर कुठल्याच बाळाला चालत नाही. माझ्या मते हस्तकलेच्या सामानातून डांबरगोळ्या कायमच्या हद्दपार कर.

आता माल. तुमच्या कोकणात आगोटीची बेगमी करतातच ना, पापड, कुरडया, सुकट, आमसुलं, सगळं मृगाच्या आत कडकडीत वाळवून डब्यात. तुझं हे सामान पण त्याच यादीत धर. मे महिन्यात शेवटचं ऊन, खळ्यात किंवा गच्चीवर तीन दिवस, आणि संध्याकाळी लगेच डब्यात भरायचं नाही, घरात पसरून पूर्ण गार होऊ द्यायचं. गरम माल डब्यात कोंबला की झाकणाला आतून पाणी धरतं आणि बुरशीची सोय तिथेच होते.

चिंचोके नि सुपाऱ्या वाळवूनही आत अंडी राहतात. झिपच्या पिशवीत भरून फ्रीझरमध्ये चार-पाच दिवस ठेव, बाहेर काढल्यावर पिशवी तशीच बंद ठेवून दिवसभर थांब, मग उघड, नाहीतर थंड मालावर दव धरतं. किंवा सरळ कढईत कोरडे भाज, आपल्याला काही पेरायचे नाहीयेत. करवंट्यांना बुरशी येते ती करवंटीला नाही, आत चिकटलेल्या खोबऱ्याच्या पापुद्र्याला, तो चमच्याने खरवडून काढ, मग पॉलिशपेपर मार, आणि चमक यावी म्हणून खोबरेल चोळायची घाई करू नकोस, पावसाळा संपल्यावर चोळ. शिंपल्यांना वास येत असेल तर आत वाळलेलं मांस आहे, साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजवून टूथब्रशने आतला कोपरा घास.

डबे स्टीलचे किंवा काचेचे, घट्ट झाकणाचे. आत सिलिका जेल टाक, केशरी मण्यांचं मिळतं, ओल शोषली की रंग बदलतो, मग जुन्या कढईत मंद आचेवर परत केशरी होईपर्यंत तापवायचं आणि पुन्हा वापरायचं. ती कढई मात्र स्वयंपाकात परत आणू नकोस. नवीन बूट, पर्स, औषधाच्या बाटल्या यांतून निघणाऱ्या पुड्या फेकत जाऊ नकोस, पण बाळाच्या हाताला लागतील अशा पण ठेवू नकोस.

पुठ्ठे आणि रंगीत कागद पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलेस तर कसर नि झुरळं दोघांना जेवण पण तिथेच आणि घर पण तिथेच. पत्र्याची ट्रंक असेल तर उत्तम, खाली दोन विटा, भिंतीपासून चार बोटं अंतर, कारण तुमच्याकडे जुलैत भिंतच ओली असते.

गुंजांचं मी शेवटी ठेवलं कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. गुंज दिसायला कितीही गोड असली, लाल अंगावर काळा ठिपका, सोनार तिने सोनं तोलायचे, 96 गुंजांचा एक तोळा, तरी ती विषारी आहे. अख्खी गिळली तर बरेचदा कडक सालीमुळे तशीच बाहेर पडते, पण चावली, फुटली किंवा भोक पाडलेलं असलं तर आतलं विष बाहेर येतं आणि ते जिवावर बेततं. म्हणून गुंजांना भोक पाडून माळ ओवायची नाही, पाडताना उडणारी पूडही वाईट. चिकटवायच्याच असतील तर फक्त मोठ्यांच्या फ्रेममध्ये, काचेच्या आत. आणि तुझ्या घरात बाळ आहे तर "उंचावर" हे पुरेसं नाही, कारण खाली सांडलेली एक गुंज कोपऱ्यात जाते आणि ती रांगणाऱ्याला आधी दिसते. मी तुझ्या जागी असते तर बाळ पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत गुंजा घरातच आणल्या नसत्या. आणि कधी चुकून तोंडात गेलीच तर घरगुती काही करत बसू नकोस, गुंज सोबत घेऊन थेट दवाखाना.

प्रश्न : आमचे हे कारखान्यातून रिटायर झाले आणि कारखाना बाल्कनीत आला. जुन्या वाड्याची दोन सागवानी दारं, सायकलचे पार्ट, दोन टायर, नळ, बिजागऱ्या, वायरी, बंद पडलेल्या ट्यूबलाइट, आणि स्क्रू तर पोत्याने. मी काहीही फेकलं की दुसऱ्याच दिवशी "नेमकं तेच लागणार होतं" असं ऐकावं लागतं. भांडण न करता हे कसं आवरू? – एक त्रस्त काकू, नाशिक

उत्तर : काकू, आधी थोडी काकांची बाजू घेते, रागावू नका. जुनं सागवान आज घ्यायला जा म्हणजे कळेल, आणि जुन्या पितळी बिजागऱ्या नव्यांपेक्षा चांगल्याच असतात. त्यामुळे "सगळं भंगारात" म्हणालात की ते पोत्यावर जाऊन बसणार. माणूस भंगार सोडत नाही तेव्हा तो बहुतेकदा वस्तूला नाही, "मला हे जमतं" याला धरून बसलेला असतो, माझे वडीलही असेच होते. म्हणून काकांना आवरायला सांगू नका, त्यांना स्टोअरकीपर करा. कारखान्यात प्रत्येक मालाचं बिन असतं, रॅक असतो, कमीत कमी किती नि जास्तीत जास्त किती ठेवायचं ते लिहिलेलं असतं, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहितीये, फक्त घरात लावलेलं नाहीये.

स्क्रूंसाठी कॉफीच्या किंवा जॅमच्या काचेच्या बाटल्या गोळा करा, त्यांची झाकणं शेल्फच्या खालच्या बाजूला दोन-दोन स्क्रूने पक्की करायची, आणि बाटली खालून फिरवून झाकणात अडकवायची. एक हात वर गेला की माल खाली, आणि सगळं दिसतं. पण भरताना आधी जात बघायची, मग लांबी. लाकडाचे वेगळे, नट-बोल्ट वेगळे, पत्र्याचे वेगळे. वाकलेले, आटे गेलेले, डोकं झिजलेले सरळ भंगारात, त्यावर काकांशी वाद होणार नाही, कारण तसला स्क्रू कारखान्यातही कुणी ठेवत नाही.

दारांचं जरा काळजीने. जमिनीला टेकवून ठेवलीयेत का? खाली विटा किंवा पट्ट्या द्या, उभी ठेवा, आणि बाहेर आलेले खिळे आजच काढायला लावा. मग दाराखाली आठवडाभर जुना काळा कागद नाहीतर काळी प्लॅस्टिक पिशवी पसरून ठेवा. लाकडाला बारीक गोल भोकं असतील आणि कागदावर पिठासारखी नवी भुकटी पडलेली दिसली तर आत भुंगा जिवंत आहे, औषध केल्याशिवाय ते दार घरातल्या फर्निचरजवळ आणू नका. भोकं आहेत पण भुकटी नाही, तर बहुतेक जुनी गोष्ट, तरी पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा कागद पसरून बघा.

आणि दारावर जुना ऑइलपेंट असेल तर तो घरात कोरडा घासायचा नाही, हे काकांना नीट सांगा. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या, आत पाहिजे हा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात शिसं भरपूर असू शकतं, आणि वाड्याची दारं म्हटल्यावर रंगाचे थर किती पिढ्यांचे असतील कोण जाणे. पॉलिशपेपरने उडणारी धूळ नातवंडांच्या पोटात जाते. ओलं करून खरवडायचं, मास्क लावून, मुलं आसपास नसताना, पडलेले पोपडे ओल्या फडक्याने उचलायचे.

तसंच लाकडाला जवसाचं तेल म्हणजे लिनसीड ऑइल लावत असतील तर ते पुसलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू देऊ नका. ते तेल वाळताना गरम होतं आणि चुरगळलेल्या फडक्यात ती उष्णता कोंडून आपोआप पेट घेतं, काडी लागत नाही. दोरीवर एकेरी पसरून कडक वाळवायचं किंवा पाण्यात बुडवून ठेवायचं.

टायर आजच्या आज द्या. त्यात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास होतो, यात चर्चा नको. ट्यूबलाइट फोडून काही "शो पीस" करायचा बेत असेल तर तो पण रद्द, आत पारा असतो, न फोडता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. वायरीतलं तांबं भंगारवाला चांगल्या भावाने घेतो, काकांना भाव करू द्या, त्यात त्यांचा दिवस मजेत जाईल.

उरलेल्या "लागेल कधीतरी" वस्तूंना मास्किंग टेप लावायची आणि त्यावर दोनच गोष्टी लिहायच्या, काय करणार आणि आजची तारीख. "काय करणार" हे लिहिता आलं नाही तर उत्तर तिथेच मिळालं. पण लिहायचं काकांनी, तुम्ही नाही. आणि कृपा करून त्यांच्या पाठीमागे काही फेकू नका, एकदा फेकलंत की पुढची पाच वर्षं ते एक वॉशर पण सोडणार नाहीत.

प्रश्न : मी सोलापूरला शाळेत कार्यानुभव शिकवते. गणपती झाले की पालक जुन्या मखराचे थर्माकोल आणून देतात, "मुलांना प्रोजेक्टला होईल" म्हणून. स्टाफरूमचं अर्धं कपाट त्यानेच भरलंय. काय करू?

उत्तर : घेऊच नका. महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर 2018 पासून बंदी आहे, आणि शाळेने तेच घेऊन मुलांकडून त्याचा ताजमहाल करून घेणं बरं दिसत नाही. त्याचे पांढरे दाणे कपाटातून जन्मात निघत नाहीत तो त्रास वेगळा. कपाटात असलेलं, फ्रीज-टीव्हीच्या पॅकिंगचं थर्माकोल गोळा करणारं कुणी जवळ असेल तर त्यांना द्या. त्याऐवजी पालकांना सांगा लग्नपत्रिका आणा. जाड कागद, सोनेरी छपाई, पाकिटं पण कामाची. फक्त नावं-पत्ते-फोन असलेला आतला कागद काढून मग मुलांच्या हातात द्या, आणि फाइल बॉक्समध्ये उभ्या लावा, एक वर्ग एक बॉक्स.

काही जणांनी एकेका ओळीचे प्रश्न विचारलेत ते इथेच उरकते. वाळलेले पोस्टर कलर पाणी घालून रात्रभर ठेवले की परत चालतात, वाळलेला ॲक्रिलिक मात्र मेला, त्याला पाणी, तेल, नवस काही लागू पडत नाही. शाडू माती दगड झाली तरी फोडून भिजवा, दहा वेळा वापरा. प्लास्टर ऑफ पॅरिसची पिशवी एकदा ओल धरली की ते नीट घट्ट होत नाही, त्यामुळे सेलमध्ये पाच किलो घेऊन ठेवू नका. फेविकॉलचं तोंड बुजतं तिथे टाचणी खोचून ठेवायची युक्ती सगळे सांगतात, टाचणी गंजते आणि पुढचा फेविकॉल तपकिरी येतो, त्यापेक्षा पितळी खिळा किंवा टूथपिक. मणी मसाल्याच्या जुन्या डब्यात छान राहतात, पण डबा कलंडला की सातही वाट्यांची मिसळ होते, हा माझा एका रविवारचा अनुभव आहे, घट्ट झाकणाच्या छोट्या बाटल्या बऱ्या.

प्रश्न : मी न्यू जर्सीला असते. आई गेल्यावर तिची विणकामाची पिशवी मी इकडे आणली, वही, बरेच लोकरीचे गुंडे, थोड्या सुया. वहीत लिहिलंय "दोन वर्षांचा स्वेटर, 10 नंबरच्या सुया". पिशवीत 10 ची एकच सुई होती म्हणून इथून 10 नंबरची जोडी आणली आणि वहीबरहुकूम विणलं तर मासे धरायच्या जाळ्यासारखं झालं, आणि माप बघाल तर आठ वर्षांच्या मुलाला होईल. आईचं कधी काही चुकायचं नाही. आणि हे सगळं नीट ठेवायचं कसं?

उत्तर : आईचं चुकलेलं नाही, नंबरांचं भांडण आहे. आपल्याकडे सुयांना जुने ब्रिटिश नंबर चालतात, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते, 8 म्हणजे 4 मिलिमीटर, 10 म्हणजे 3.25, 12 म्हणजे 2.75. अमेरिकेत उलटं, नंबर वाढला की सुई जाड, तिथली 10 नंबर म्हणजे 6 मिलिमीटर. जवळजवळ दुप्पट जाडीच्या सुईवर विणलंत तुम्ही, जाळं होणारच. तुम्हाला तिथली 3 नंबर हवी, ती 3.25 ची असते.

म्हणून सुया ठेवताना नंबरावर जाऊ नका, मिलिमीटरवर जा. भोकं पाडलेली मोजपट्टी मिळते, त्यात सुई घालून बघायची, आणि प्रत्येक जोडीला रबरबँड लावून त्याखाली चिठ्ठी. एकटी उरलेली सुई पण टाकू नका, टाके तात्पुरते धरायला ती लागते. नंबर पुसलेल्या आईच्या सुया अशाच ओळखता येतील, जोडीतल्या दोन्ही मोजा, कारण घाईत लोक 10 आणि 11 एकत्र बांधून ठेवतात आणि मग पट्टी तिरकी येते.

लोकरीच्या गुंड्यांना लेबल नसणार, मग वर डोंबिवलीकरणीला सांगितलंय तसा एक धागा जाळून बघा, केसाचा वास म्हणजे खरी लोकर, कडक गोळी म्हणजे ॲक्रिलिक. खऱ्या लोकरीलाच कपड्यांचा पतंग लागतो, ती वेगळ्या झिपच्या पिशवीत, आधी आठवडाभर फ्रीझरमध्ये. गुंडे घट्ट असतील तर सैल करून परत गुंडाळा, वर्षानुवर्षं ताणून राहिलेली लोकर विणल्यावर आक्रसते. एका रंगाचे दोन-तीन गुंडे असले तरी ते दिवसा खिडकीत धरून एकमेकांशेजारी बघा, लॉट वेगळा असला की घरातल्या दिव्यात एकच वाटतात आणि स्वेटर झाल्यावर छातीवर पट्टा दिसतो.

आणि वहीत त्या 10 च्या पुढे 3.25 एवढं लिहून ठेवा, पण पेन्सिलीने, पेनने नको.